चार स्क्रू आणि एक स्टिकर

जबड्याची ऑर्थोग्नॅथिक सर्जरी, म्हणजे हाड कापून जबडा नीट जागी आणायचं आणि प्लेट-स्क्रूंनी पक्का करायचं ऑपरेशन, होऊन दीड वर्ष झालं होतं. दात जुळले, चावणं सुधारलं, तक्रार काहीच नव्हती. फक्त डावीकडे खालच्या हिरडीला ब्रश लागला की कळ यायची. मग तिथे पुळी झाली आणि पू झिरपायला लागला. गोळ्या चालू असेपर्यंत थांबायचा, संपल्या की पुन्हा सुरू. नवे सर्जन म्हणाले, "टायटॅनियमची प्लेट जन्मभर राहिली तरी चालते, पण ही त्रास देतेय. हाड केव्हाच जुळलंय, काढून टाकू. स्क्रू कुठल्या सिस्टिमचे आहेत?"

मला काय माहीत! ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत स्क्रू मोजता येतात, डोक्यावरची खाच दिसत नाही. आणि ती प्रत्येक कंपनीची सारखी नसते. स्क्रूड्रायव्हर नीट बसला नाही तर खाच झिजते, मग ड्रिल घेऊन बसा. ही माहिती असते इम्प्लांटच्या, म्हणजे प्लेट-स्क्रूच्या स्टिकरवर, आणि स्टिकर जुन्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये.

सात आठवडे गेले त्यात. पहिल्या खेपेला "अर्ज द्या." दिला. दुसऱ्या खेपेला "फाइल स्कॅनिंगला गेलीय." तिसऱ्या खेपेला शिक्का मारून हातात ठेवलं ते डिस्चार्ज कार्ड, जे माझ्या घरी पहिल्यापासून होतं! त्यात एवढंच, की प्लेट आणि स्क्रू बसवले. चौथ्यांदा मी आवाज चढवूनच म्हटलं, "मॅडम, ओटी नोट्सचं, ऑपरेशनच्या नोंदींचं पान हवंय, स्टिकर चिकटवलेलं." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग असं सांगायचं ना!" दहा मिनिटांत पान समोर. कोपरा दुमडलेला, पण नंबर वाचता येत होता. तेव्हा अर्जात नुसतं 'माझे पेपर' लिहू नका, पानाचं नाव लिहा.

ऑपरेशनचं काय सांगू, भूल दिली, जाग आली, झालं. तोंडाच्या आतूनच जुन्या जागी चीर, टाके विरघळणारे. एका स्क्रूवर हाड चढलं होतं, ते कोरावं लागलं. सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती. खालचा ओठ दोन आठवडे बधिर. तिथून नस जाते, म्हणून याबद्दल आधीच विचारून ठेवा.

हो, आणि प्लेट हवी असेल तर तेही आधी सांगा. माझी डबीत आहे, चार भोकांची पट्टी, करंगळीच्या दोन पेरांएवढी. स्टिकरचा फोटो मात्र मोबाइलमधून डिलीट केलेला नाही. उजवीकडची प्लेट अजून आतच आहे.