तुळजापूर-नळदुर्ग : मोटरहोमवाल्यांनो, प्लग लावण्याआधी मीटर लावा

मोटरहोमच्या (राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीच्या) या फेरीत संभाजीनगर, पैठण, अंबाजोगाई झकास झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते नळदुर्गच्या अलीकडच्या एका कृषी पर्यटन केंद्राबद्दल. रात्रीचे दोन वाजलेत, एसी बंद, डास मारत लिहितोय, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

फोनवर मालक म्हणाले होते, "लाईटीचं टेन्शनच घेऊ नका साहेब, सोळा ॲम्पिअरचा पॉइंट हाय." पॉइंट होता. त्याच्या मागची वायर मात्र बोअरच्या खोलीपासून बांधाबांधानं ओढलेली, ट्यूबलाईटला टाकतात तेवढी बारीक. अर्थिंगच्या भोकामागे तारच नाही. गाडी रबरी टायरवर उभी. आत कुठं लीकेज झालं तर सगळी बॉडी करंट मारणार, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उतरणारा माणूसच अर्थिंग होणार. गाडीत 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळताना दिसला की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर अशा ठिकाणी प्लग लावूच नका.

मीटरवर 205 व्होल्ट दिसले. रिकाम्या लाईनचा हा आकडा फसवा असतो. दीड किलोवॅटची किटली लावली, लगेच 182. लोड टाकून मोजल्याशिवाय कुणाचं काही ऐकू नका.

खरा तमाशा दहानंतर. शेतीची थ्री-फेज आली आणि लाईट येताच आपोआप सुरू व्हाव्यात म्हणून ऑटोवर ठेवलेल्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी एकदम उठल्या. 152! माझा कटऑफ (व्होल्टेज फार घसरलं की लाईन तोडणारं उपकरण) 180 ला पडतो, तो पडला, म्हणून कॉम्प्रेसर आणि चार्जर वाचले. शेजारच्या गाडीवाल्याचा भरवसा स्टॅबिलायझरवर. स्टॅबिलायझर व्होल्टेज चढवतो तो लाईनमधून जास्त करंट ओढूनच. वायर आणखी तापते. त्यांचा प्लग सॉकेटातच वितळून बसला. रब्बीच्या दिवसांत निव्वळ स्टॅबिलायझर घेऊन इकडे येणं हा वेडेपणा आहे.

कटऑफ असा घ्या, जो वरच्या बाजूलाही 260 च्या आसपास तोडतो. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार सुटली तर सिंगल फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं, तेव्हा फक्त खालचं बघणारं उपकरण काही कामाचं नाही. लाईट परतल्यावर तीन मिनिटं थांबून जोडणारा हवा, नाहीतर गॅसचं प्रेशर उतरायच्या आत कॉम्प्रेसर उठायला बघतो.

आता पैसे. या 'चार्जिंग'चे 600 रुपये लावले! 12 व्होल्टची 200 ॲम्पिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी भरायला तीनेक युनिट लागतात. हिशेब तुम्हीच करा. उतरण्याआधी सबमीटर (फक्त आपला वापर मोजणारं वेगळं मीटर) आहे का विचारा, आणि ती लाईन गावठाणची की शेतीची, हेही. शेतीची म्हणाले तर तिथं थांबू नका, पुढची जागा बघा.

आजपासून भाड्याचा प्लग मी सोडूनच दिलाय. छतावर सोलर आहे, आणि अल्टरनेटरवर (इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरवर) 30 ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडी चालताना आतली बॅटरी भरणारा. लातूर ते नांदेड तीनेक तास गाडी चालवली की 90 ॲम्पिअर-अवर आत येतात. पंखा, फ्रीज, दिवे यांची रात्र निघते. एसी लागतच असेल तर सरळ लातुरात लॉज घ्या.