तुम्ही विचारलंत म्हणून: जुना ग्राइंडर करून घ्यावा का?

"मिस्त्री, जुना ग्राइंडर पडलाय घरात. करून घेऊ का नवाच आणू?" ग्राइंडर म्हणजे फिरत्या डिस्कने लोखंड घासायचं, कापायचं हातातलं मशीन. सांगलीत पॉवर टूल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला याच्याइतका ठरलेला प्रश्न दुसरा नसेल. कुपवाडच्या एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला विचारतो, तासगावचा द्राक्षबागायतदार विचारतो, उसाच्या ट्रॉल्या जोडणारा पलूसचा वेल्डर विचारतो. काउंटरवर गर्दी असली की "ठेवून जा, उघडून बघतो" एवढंच बोलणं होतं. म्हणून आज बैजवार लिहितोय.

पडून असलेल्या ग्राइंडरपैकी बरेचसे थोडक्या खर्चात चालू होतात. पण चालू होणं वेगळं आणि हातात धरण्यालायक असणं वेगळं. मोटार फिरली म्हणजे मशीन दुरुस्त झालं, असं मी धरत नाही. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण), बाजूचं हँडल आणि स्विच हे तिन्ही जागेवर आले तरच ते दुरुस्त झालं. नाहीतर कितीही नवं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, घाला, ते भंगारच.

आधी मोटारीचं बोलू, कारण लोकांना भीती तिचीच असते. जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने १९५४ साली अँगल ग्राइंडर बाजारात आणला, तेव्हापासून कार्बनवर (आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या झिजत्या ठोकळ्यांवर) चालणाऱ्या मशीनची आतली रचना फारशी बदललेली नाही. एक आर्मेचर, त्याच्याभोवती फिल्ड कॉइल, दोन कार्बन, तीन-चार बेअरिंग, एक पिनियन (लहान दातेरी चाक), एक गियर, स्विच आणि वायर. संपलं. यातली प्रत्येक वस्तू सुटी निघते आणि सुटी मिळते. म्हणूनच वीस वर्षांचं मशीनसुद्धा उघडायला मला आनंद वाटतो. हल्लीच्या बॅटरीवरच्या, बिनकार्बनच्या मशीनमध्ये सर्किट गेलं की अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि तो नाही मिळाला तर हात टेकायचे.

मशीन मेलेलंच असेल तर मी सगळ्यात आधी वायरीचं मानगूट बघतो, म्हणजे हँडलमधून वायर बाहेर पडते ती जागा. वापरताना वायर तिथेच वाकते आणि आतली तार तुटते. सिरीज लॅम्प (ओळीत जोडलेला तपासणीचा दिवा) लावून वायर त्या ठिकाणी हलवली आणि दिवा लुकलुकला, की रोग सापडला. वीतभर वायर कापून पुन्हा जोडली की मशीन चालू. नवं मशीन घ्यायला निघालेली कितीतरी गिऱ्हाइकं एवढ्यावर परत गेली आहेत.

वायर ठीक असेल तर कार्बन. झिजून पाच-सहा मिलीमीटरवर आले की बदलायचे, आणि बदलायचे तर दोन्ही. नवीन कार्बन घातल्यावर मशीन लगेच लोखंडावर दाबू नका. दहा-पंधरा मिनिटं मोकळं फिरवा, म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं. कार्बन लांब असूनही ठिणग्या येत असतील तर तो होल्डरमध्ये अडकलेला असतो. लोखंडाचा भुगा साचून तो सरकतच नाही.

खरी गोष्ट कळते ती कम्युटेटरवर. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं ते गोल नळकांडं असतं. ते नीट उजेडात धरून फिरवायचं. सगळीकडे सारखा चॉकलेटी रंग असेल तर मशीनची तब्येत उत्तम. तो रंग घासून चकचकीत तांबं काढायची घाई करू नये, तो थर कार्बनला हवाच असतो. नुसता काळेपणा असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ होतो. पण एक-दोनच पट्ट्या जळून काळ्या झाल्या असतील, कडा खाल्ल्या असतील, तर त्या पट्ट्यांना जोडलेली कॉइल गेलेली आहे. अशा मशीनला कितीही नवे कार्बन घाला, ते काही दिवसांत खाऊन टाकतं. चालू मशीनच्या मागच्या जाळीतून बघा: कार्बनच्या टोकाशी बारीक निळसर ठिणगी चालते, पण कम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरताना दिसलं तर लगेच बंद करा.

आर्मेचर गेलं असेल तर? चार इंची मशीनचं, म्हणजे चार इंची डिस्क लागते त्याचं, आर्मेचर मी रिवाइंड करून (नवी तार गुंडाळून) देत नाही. डिस्क मिनिटाला ११००० फेरे घेते तेव्हा आत आर्मेचर जवळपास तिप्पट वेगाने फिरत असतं. हाताने भरलेल्या आर्मेचरचा तोल जराही ढळला तर ते आपलीच बेअरिंग खातं. त्यापेक्षा तयार आर्मेचर आणून टाकलेलं बरं. सात आणि नऊ इंचीचं गणित निराळं. तिथे नवं आर्मेचर महाग पडतं आणि तारही जाड असते, म्हणून वार्निश करून भट्टीत वाळवून देणारा, बॅलन्स करून देणारा वाइंडर मिळाला तर रिवाइंडिंग परवडतं. रॅलीवुल्फ कंपनीची जुनी, जडशीळ मशिनं अजून आपल्या भागात चालताना दिसतात ती अशाच कारागिरांमुळे. आणि कारागिरांची आपल्याकडे वाण नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या जिल्ह्याला लोखंडाचा नाद आहे. बेअरिंगची बैठक झिजली तर तिला बुश मारून देणारा टर्नर तालुक्याच्या गावातही सापडतो.

बेअरिंग आणि गियरचं थोडक्यात. डिस्क काढून स्पिंडल हाताने हलवून बघा, खेळ लागला तर बेअरिंग बदला. गियरचा दात तुटला तर पिनियन आणि गियर जोडीनेच घाला. ग्रीस दात माखतील एवढंच भरा. गियरचा डबा गच्च भरला की ते तापून मोटारीत उतरतं.

शेतकरी गिऱ्हाइकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तुमचं मशीन पुष्कळदा म्हातारपणाने जळत नाही, वायरीने जळतं. बागेत मांडवाचे अँगल कापायचे म्हणून घरापासून शंभर मीटर बारीक वायर ओढली जाते. २००० वॅटचा सात इंची ग्राइंडर ०.७५ चौरस मिलीमीटरच्या वायरीवर चालवला तर ४० व्होल्टच्या आसपास दाब त्या वायरीतच खर्च होतो. मुळात खेड्यातल्या लाईटचा दाब कमी, त्यात ही घट. मोटारीचा वेग पडतो, आतला पंखाही मंद होतो, कापत नाही म्हणून माणूस आणखी दाबतो, आणि आतल्या तारांवरच्या वार्निशचा वास सुटतो. तीच वायर २.५ चौरस मिलीमीटरची घेतली तर घट १३-१४ व्होल्टवर येते. दुरुस्तीला पैसे घालण्याआधी वायरीला घाला, असं मी तळमळीने सांगतो. तेच आर्मेचर पुन्हा पुन्हा जळालेलं बघवत नाही.

आता पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाणी उतरल्यावर माझ्याकडे जी मशिनं आली त्यांच्या जाळीतून चिखल ओघळत होता. २०२१ ला पुन्हा तेच. पुरात बुडालेलं मशीन "वाळलं की लावून बघतो" म्हणून प्लगला जोडू नका. आपल्याकडचा पुराचा गाळ चिकट असतो, वरून वाळतो पण वाइंडिंगच्या फटीत ओल धरून बसतो. आधी पूर्ण खोलायचं. गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचा. पाण्यात बुडालेल्या वस्तूला पुन्हा पाणी लावायचं म्हटलं की लोक दचकतात, पण वाळलेला गाळ खरवडण्यापेक्षा ओला असताना धुणं केव्हाही बरं. मग आर्मेचर आणि फिल्ड चांगले काही दिवस उन्हात. बेअरिंग, स्विच आणि ग्रीस सरसकट नवं, त्यात काटकसर नाही. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने (मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन, म्हणजे वीज बॉडीत गळते का ते, तपासायचं. डबल इन्सुलेशनच्या मशीनला, म्हणजे ज्याच्या पट्टीवर चौकोनात चौकोन काढलेला असतो त्याला, ७ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर मी ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. पुन्हा वाळवतो, पुन्हा मोजतो. तरी चढला नाही तर तो भाग बदलायचा, नाहीतर मशीन भंगारात. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशीनला तर अर्थिंगची तिसरी तार हवीच. दोन पिनी लावून ते वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. शेडमध्ये ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या, तेही सांगून ठेवतो.

एवढं सगळं करून मोटार गोड चालली तरी मी गार्ड विचारतो. इथे बहुतेकांशी माझा वाद होतो. "गार्ड आडवं येतं, कोपऱ्यात हात जात नाही." मान्य. पण चार इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर असतो. डिस्क फुटली तर तिचा तुकडा त्याच वेगाने सुटतो, आणि गार्ड नसेल तर त्याच्या वाटेत आपलं तोंड आणि गळा असतो. माणूस बाजूला होईल एवढा वेळच मिळत नाही. जुन्या मशीनचं गार्ड हरवलेलं असेल आणि त्या मॉडेलचं मिळत नसेल, तर मशीन कितीही चांगलं असो, माझं उत्तर "नको" असंच असतं. पत्र्याचं गार्ड वेल्डिंगने चिकटवून द्या म्हणणारे येतात. ते काम मी घेत नाही.

गार्ड काढण्यामागे आणखी एक चाल असते: झिजलेली सात इंची डिस्क चार इंची मशीनवर चढवायची. सात इंची डिस्क साधारण ८५०० फेऱ्यांसाठी बनलेली असते, तिच्यावर तो आकडा छापलेला असतो. ती ११००० वर फिरवली तर तिच्यावरचा ताण दीडपटीच्या पुढे जातो. शिवाय तिचं मधलं भोक २२ मिलीमीटरचं आणि चार इंचीची बैठक १६ ची, म्हणजे डिस्क मधोमध बसतच नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर लावणं तर याहून वाईट. ते अडकलं की मशीन हातातून फिरून उलटं येतं. कोणी कितीही सफाईने करून दाखवलं तरी ते करू नका, हात जोडून सांगतो.

डिस्कवरही तारीख असते हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तिथपर्यंतच ती वापरायची. बनल्यापासून साधारण तीन वर्षं धरलेली असतात, कारण डिस्क बांधून ठेवणारं रेझिन ओलीने कमजोर होतं. पुरात भिजलेल्या डिस्क वाळवून वापरायच्या नाहीत, मोडून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाहीत.

स्विचबद्दल बोलायचं म्हणजे लोडशेडिंगबद्दल बोलणं आलं. काम चालू असताना लाईट जाते. माणूस मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो, स्विच पुढे सरकवलेलाच. लाईट येते आणि मशीन आपोआप सुरू होऊन फरशीवर उड्या घेत सुटतं. नव्या चांगल्या मशीनमध्ये हे होऊ नये अशी सोय असते, लाईट आली तरी स्विच मागे घेऊन पुन्हा पुढे केल्याशिवाय ते चालू होत नाही. जुन्यात ही सोय नसते. म्हणून जुन्या मशीनचा स्विच चटकन मागे येणारा, न अडकणारा हवा. प्लग काढून स्विचची मागची बाजू दाबा. टक् करून परत आला तर ठीक, भुग्याने जड झाला असेल तर बदला. आणि लाईट गेली की पहिला हात प्लगकडे.

तर कुठे थांबायचं? खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जायला लागला की मी थांबवतो. आर्मेचर आणि गियर दोन्ही एकदम गेले असतील तर चार इंचीत बहुधा हा आकडा ओलांडतोच. नुसते कार्बन, बेअरिंग, वायर, स्विच असतील तर बिनधास्त करून घ्या. सुधारलेल्या जुन्या मशीनला काम मात्र ठरवून द्या. वेल्डिंगचा टाका घासणं, कप ब्रशने गंज काढणं, विळ्या-खुरप्याला धार लावणं, यासाठी ते छान. दिवसभर पाइप कापायचे असतील तर नवं, ब्रेकवालं मशीन घ्या, कारण डिस्क अडकून झटका बसतो तो कापतानाच जास्त.

दुरुस्तीला आणाल तेव्हा नुसतं मशीन पिशवीत घालून आणू नका. गार्ड, बाजूचं हँडल, डिस्क आवळून धरणारे दोन्ही फ्लॅन्ज आणि पाना सोबत आणा. शेतावर ज्या वायरीवर ते चालवता, तीही आणा.