पोर्टफोलिओचं गिऱ्हाईक
आमच्या मित्राला फोटोग्राफर व्हायचंय, त्याला पोर्टफोलिओ बनवायचाय आणि मॉडेल म्हणून आज फुकटात सापडलो मी. साहेबांचा एकच हट्ट, बॅकग्राउंड ब्लर झालंच पाहिजे, म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, थेट एफ/१.८ वर सताड उघडं आणि कॅमेरा पार तोंडाजवळ, मग काय, नाकाचा शेंडा असा शार्प की एकेक छिद्र मोजून घ्या आणि डोळे गायब! अरे डोळ्यावर फोकस कर ना, तर म्हणे "आर्टिस्टिक आहे, तुला नाही कळणार".

तोवर सूर्य बुडाला तरी गडी थांबेना. ५० एमएमची लेन्स हातात धरून निदान १/५० सेकंदाचा शटर तरी ठेवावा, नाहीतर हात हलला की फोटो हलतो, तर हा १/१५ वर. ट्रायपॉड आहे हं, नवाकोरा, फक्त बॅगेतून काढायचा कंटाळा. मी ढिम्म उभा तरी फोटोत मला चार कान. मग वैतागून आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग) पार २५६०० केला, आता चेहऱ्यावर इतके रंगीत ठिपके की आई विचारेल गोवर आलाय का.

वॉटरमार्क मात्र झकास, सहीसकट, माझ्या अर्ध्या कपाळावर. पुढच्या रविवारी बायकोला घेऊन ये म्हणतोय, कपल शूट करायचंय म्हणे. तिला सांगायची हिंमत कोण करणार 😅