काचेआड माझंच यंत्र

रविवार, रात्री साडेअकरा

आपण वापरतो ती वस्तू संग्रहालयात बघायची वेळ इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. माझ्याच मेटल डिटेक्टरचं, म्हणजे जमिनीत पुरलेला धातू शोधणाऱ्या यंत्राचं मॉडेल. तेच पॅनेल, तीच बटणं, कोपराखाली येणारा तोच पट्टा, जो दुसऱ्या तासाला हमखास टोचायला लागतो. फरक एवढाच, की त्यांच्या कॉइलवर, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याच्या तबकडीवर, एक ओरखडा नाही आणि माझ्या कॉइलजवळ वायरला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे आहेत. खाली पाटी: "सुरुवातीच्या डिजिटल पिढीतील यंत्र". सुरुवातीच्या म्हणे! मागच्या रविवारी मी तेच घेऊन चार तास ओढ्याच्या वाळूत फिरलोय.

हे संग्रहालय एका डिटेक्टर बनवणाऱ्या कंपनीचं. नाव लिहीत नाही, रोजनिशीत जाहिरात कशाला. कारखान्याला लागून दोन खोल्या, आणि तिथेच उमेदीची वर्षं दुरुस्ती विभागात काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे आल्यागेल्याला हौसेने सगळं दाखवतात. आज आलागेला मी एकटाच होतो.

पहिल्या कपाटात यंत्र नाही, नुसतं चित्र आहे. पलंगावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड, बाजूला वायरी घेऊन उभा अलेक्झांडर ग्रॅहम बेल. साल १८८१. गारफिल्ड यांच्या अंगात गोळी रुतलेली, क्ष-किरणांचा शोध अजून चौदा वर्षं लांब. बेलने दोन कॉइल अशा जुळवल्या, की एकीचा परिणाम दुसरीने खोडून काढावा आणि टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये शांतता राहावी. धातू जवळ आला की तोल बिघडणार आणि आवाज येणार. यंत्र चालत होतं, आधी करून बघितलं होतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून फिरवल्यावर एकाच जागी न वाजता बऱ्याच भागात बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती, हे नंतर कळलं! त्यात डॉक्टरांचा हट्ट, की गोळी उजवीकडेच आहे, तिकडेच शोधा. ती निघाली डावीकडे, शवविच्छेदनात. ही गोष्ट मी आधी दहा वेळा वाचली असेल, पण प्रत्येक वेळी माझा राग त्या डॉक्टरांवरच निघतो. बेल बिचारा यंत्रालाच दोष देत बसला.

पुढचं कपाट गेरहार्ड फिशर यांचं. हे माझे आवडते. विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रावर ते काम करत होते. काही ठिकाणी दिशा चुकीची दाखवली जायची, आणि कारण निघालं आसपासचा धातू किंवा जमिनीतलं खनिज. दुसरा कोणी ती चूक काढून टाकून मोकळा झाला असता. यांनी त्या चुकीचंच यंत्र केलं, १९३१ साली कंपनी काढली आणि १९३७ मध्ये पेटंट मिळवलं. पेटीला पेटी जोडलेलं ते लाकडी धूड दोन हातांनी धरून चालायचं. गृहस्थ म्हणाले, "उचलून बघा." उचललं, आणि माझ्या टोचणाऱ्या पट्ट्याबद्दल पुन्हा तक्रार करायची नाही असं ठरवलं.

युद्धाच्या भागात मी फार रेंगाळलो नाही, तिथली यंत्रं बघताना मन रमत नाही. पण युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याची पाटी मात्र नीट वाचली. त्यांनी स्कॉटलंडमध्ये असताना सुरुंग शोधायचं यंत्र तयार केलं, पेटंट न घेता ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलं, आणि बदल्यात राजाकडून आभाराचं पत्र मिळालं. १९४२ च्या इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत अशी पाचशे यंत्रं वापरली गेली. वजन साधारण चौदा किलो. चौदा किलो खांद्यावर, आणि पायाखाली सुरुंग. आम्ही हौशी लोक चुकलो तर फार तर बाटलीचं बूच निघतं.

युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रं हौशी लोकांच्या हाती आली, मग १९६०च्या सुमाराला बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) प्रकारचे डिटेक्टर आले. एक चालू स्थितीत ठेवलाय, हेडफोन लावून बघता येतो. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं तयार करणारे भाग, एक कॉइलशी बांधलेला, दुसरा ठरावीक. दोघांच्या कंपनांतला फरक म्हणजे कानात येणारी गुणगुण. मी नाणं पुढे नेलं, सूर चढला. खिळा नेला, सूर हलला. नाणं ठेवून हात बाजूला घेतला, तरी सूर आपला हळूहळू सरकतोच आहे. "गरम होतोय," गृहस्थ हसले, "उन्हात तर दर पाच मिनिटांनी हे बटण फिरवायचं." त्यांनी न बघता बटण फिरवलं, केसभर. सूर जागेवर आला. मी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा पुढे गेला.

यंत्राला ऐकू येणं लवकर जमलं होतं, खरी मेहनत पडली ती कशाकडे कानाडोळा करायचा हे शिकवताना. आधी जमीन. मातीतलं लोहखनिजही कॉइलला उत्तर देतं, म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचं उत्तर वगळायची सोय आली. मग कॅनच्या कड्या. साठच्या दशकात शीतपेयांच्या डब्यांना ओढून काढायची कडी आली, लोकांनी ती ओढली आणि फेकली, आणि किनारे, मैदानं सगळी अॅल्युमिनियमने भरली. मग सत्तरच्या दशकात व्हीएलएफ (अगदी कमी कंपनसंख्येवर चालणारी) यंत्रं आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे हवा तो धातू आणि नको तो धातू वेगळा ओळखणं. धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरा परत येतं. चांदीचं जास्त उशिरा, पातळ पत्र्याचं कमी उशिरा. तेवढ्या उशिरावरून यंत्र आकडा दाखवतं. नको ते आकडे बंद केले की शांतता.

ही शांतता किती महाग पडते, ते बघायला एक वाळूचा ट्रे ठेवलाय. गृहस्थांनी वाळूत दोन वस्तू पुरल्या आणि माझ्याच मॉडेलचं यंत्र हातात दिलं. डावीकडे फिरवलं, आकडा बघितला. उजवीकडे फिरवलं, तोच आकडा. तोच टोन. "कुठे खणाल?" मी बराच वेळ कॉइल आडवी-उभी फिरवली, उंच धरली, कान देऊन ऐकलं, जाणकारासारखा चेहरा केला आणि डावीकडे बोट दाखवलं. कडी निघाली. उजवीकडे सोन्याची अंगठी होती. गेली सहा वर्षं मी हे आकडे बंद ठेवून फिरतोय. सहा वर्षांत किती अंगठ्यांवरून चाललो असेन याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या मांडायला लागलो, आणि सोडून दिला.

शेवटच्या भिंतीवर 'हँड ऑफ फेथ'चा फोटो. १९८० साली ऑस्ट्रेलियात केविन हिलियर यांना डिटेक्टरने सापडलेला सत्तावीस किलोचा सोन्याचा गोळा, जमिनीखाली थोड्याच खोलीवर. सगळे तिथेच फोटो काढतात म्हणे. मीही काढला. पण मन त्या ट्रेवरच होतं.

निघताना माझ्या यंत्राचं रडगाणं गायलो. महिनाभर उगाच वाजतं, काही नसताना बडबडतं, ओढ्यात तर विचारू नका. नवं घ्यावं लागणार असं दिसतं. वाटलं, हे नवं मॉडेल दाखवायला नेतील. त्यांनी विचारलं, "कॉइलचं कव्हर शेवटचं कधी काढलं होतं?"

मी ते कधीच काढलं नव्हतं. निघतं हेच माहीत नव्हतं.

आत्ता जेवण झाल्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो. कव्हर नखाने निघेना, चमच्याच्या मागच्या टोकाने एक कड उचकटली तेव्हा पट्कन सुटलं. आत चिमूटभर नाही, चांगली मूठभर बारीक वाळू, काळपट, कॉइलला थापल्यासारखी चिकटलेली. फ्रिजवरचा लोहचुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवला. निम्मी वाळू मिशांसारखी उभी राहून चिकटली. महिनाभर ही माझ्या कॉइलला बिलगून ओढ्यातून हिंडत होती, आणि मी ओढ्याला शिव्या घालत होतो.

ब्रशने साफ केलं, ओल्या फडक्याने पुसलं, कव्हर परत दाबून बसवलं. यंत्र चालू केलं, सगळे आकडे उघडे ठेवून. हवेत धरलं, गप्प. हलवलं, तरी गप्प. खात्री करायला म्हणून टेबलावरच्या चमच्यावरून नेलं, आणि ते असं काही खणखणीत वाजलं, की आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, निदान हेडफोन तरी लावा!"