"तुना इन्शुरन्स शे ना!"

मार्च 2024 मध्ये चष्मा घालवायला डोळ्यांचं लेझर करून घेतलं. घरच्या ग्रुपवर तसं टाकलं आणि पहिला फोन धुळ्याच्या मामांचा आला. दुखलं का, दिसतंय का, हे सगळं नंतर. आधी खर्च किती ते विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "तुले काय फिकर शे? तुना इन्शुरन्स शे ना!"

मामांना काय बोलणार? अमळनेरहून इकडे अमेरिकेत, ओहायोत आले तेव्हा माझीही हीच समजूत होती. दर पगारातून पैसे कापले जातात, तेव्हा कार्ड दाखवायचं आणि औषध घेऊन घरी यायचं. कार्ड दाखवल्यानंतरच खरी गोष्ट सुरू होते, हे मला डोळ्यांनीच शिकवलं.

चष्मा पाचवीपासूनचा. लेझरच्या वेळी दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस साडेसहा होता. अमळनेरच्या उन्हाळ्यात घामाने तो नाकावरून घसरायचा, इथल्या हिवाळ्यात बाहेरून घरात पाऊल टाकलं की काचांवर वाफ धरते आणि दोन मिनिटं दारातच उभं राहावं लागतं. कधीतरी काढून टाकायचा हे ठरलेलंच होतं.

इथे अंगाचा विमा वेगळा, दातांचा वेगळा आणि डोळ्यांचा वेगळा. त्यातही डोळा आजारी पडला तर तो अंगात धरतात, नुसता नंबर तपासायचा असेल तर तो डोळ्यांच्या विम्यात, म्हणजे व्हिजन प्लॅनमध्ये. लेझरच्या आदल्या वर्षी, जानेवारीत, मी नेहमीच्या तपासणीला गेले. व्हिजन प्लॅनप्रमाणे माझे दहा डॉलर, बाकी त्यांचे. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "आणखी काही त्रास?" मी आपली खानदेशी मोकळेपणाने म्हणाले, की दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. त्यांनी पापणीत कागदाची पट्टी लावून पाणी मोजलं, थेंब लिहून दिले. मी खूश, किती नीट बघितलं!

महिन्याने विमा कंपनीचं पाकीट आलं. वर ठळक अक्षरात "हे बिल नाही". खाली सगळं बिलासारखंच. याला ईओबी म्हणतात, म्हणजे कुणी किती दिले आणि आपल्याकडे किती निघतात याचा हिशेब. अमळनेरच्या मार्केट यार्डात माल घातला की आमचे नाना अडत्याकडून पट्टी आणायचे. वर मालाची रक्कम, मग हमाली, तोलाई अशी एकेक कपात, आणि शेवटी हातात काय पडलं ते. मी हा कागद तसाच वाचला. तपासणी 265 डॉलर, नंबर काढण्याचे वेगळे 45. विमा कंपनीशी ठरलेल्या दराप्रमाणे 124 कमी. कंपनीने दिले शून्य. तुमच्याकडे निघतात 186. पट्टीवर शेवटी काहीतरी आपल्याला मिळायचं, एवढाच फरक.

झालं असं, की "कोरडे पडतात" म्हणाल्याबरोबर तपासणी नंबरची न राहता आजाराची झाली. बिलावरचा कोड बदलला, बिल व्हिजन प्लॅनऐवजी मोठ्या विम्याकडे गेलं. तिथे डिडक्टिबल असतं, म्हणजे वर्षातली पहिली अमुक रक्कम आपल्याच खिशातून. जानेवारी महिना, डिडक्टिबल पूर्ण कोरं. दोन दुपारी फोनवर तेच ते संगीत ऐकत बसले. शेवटी 45 तेवढे व्हिजन प्लॅनकडे वळवून घेतले, 141 भरले. तेव्हापासून डॉक्टरांनी "आणखी काही?" विचारलं की मी आधी मनात हिशेब करते. हे बरं नाही, पण करते.

आता लेझर. तिथे माझी मोठी तयारी होती, वही-पेन घेऊन गेले होते. "दर डोळ्याला अडीचशेपासून" अशा जाहिराती असतात, त्या बारीक नंबरवाल्यांसाठी, हे माहीत होतं. पण लेझर सेंटरमधल्या बाईंनी एक कागद पुढे ठेवला: एका डोळ्याचे 2,200, दोन्हींचे 4,400, त्यात वर्षभराच्या तपासण्या धरून. व्हिजन प्लॅनमुळे 15 टक्के सूट, म्हणजे 3,740. मी विचारलं, बिल नंतर येईल ना? त्या हसल्या. हेच बिल.

विमा लेझरला हौस समजतो, चष्मा आहे ना, मग कशाला? म्हणून एक पैसा देत नाही. आणि विमा मध्ये नाही म्हणूनच किंमत आधी कळते. मला हे अजून पचत नाही. तीन मिनिटांच्या कोरड्या डोळ्यांची किंमत महिन्याने कळली आणि शस्त्रक्रियेची पाच मिनिटांत.

पैशांची सोय एफएसए नावाच्या खात्यातून केली. आदल्या नोव्हेंबरमध्ये आपल्या ऑफिसला सांगायचं, पुढच्या वर्षी औषधपाण्यासाठी पगारातून इतके कापा. 2024 ची मर्यादा 3,200 होती. त्यावर टॅक्स लागत नाही, माझे नऊशेच्या वर वाचले. गंमत म्हणजे कपात वर्षभर होते, पण सगळी रक्कम जानेवारीतच वापरता येते. उलट वर्ष संपलं की उरलेले बहुतेक बुडतात, म्हणून खर्च पक्का असेल तरच कापायला सांगायचं. वरचे 540 खिशातून.

आईला रुपयात सांगितलं, तीन लाखांच्या वर. आई थोडा वेळ गप्प. मग, "इतला पैसामा चार म्हशी येतीन."

तिकडे का नाही केलं, हे सगळ्यांनी विचारलं. मावसभावाने नाशिकला दोन्ही डोळ्यांचे पंचाऐंशी हजार दिले. त्याचा नंबर सात. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या नियमात साडेसातच्या खालच्या नंबरसाठी खर्च मिळत नाही, त्यामुळे बिचारा अर्ध्या मार्काने नापास. तरीही स्वस्तच. पण दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने तपासणी असते. विमानाचं तिकीट आणि बुडालेली रजा धरली की माझं गणित इथेच जुळत होतं.

प्रत्यक्ष लेझरचं सांगण्यासारखं थोडंच. माझं बुबुळावरचं पारदर्शक पटल 548 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर जाडीचं निघालं. वरचा पातळ पापुद्रा 110 चा, तो उचलून खालून नंबरापुरतं साधारण 90 घासायचं, उरलं ते पुरेसं. पटल पातळ असतं तर नकोच म्हणाले असते. लेझर एका डोळ्याला अर्धा मिनिटही चालला नसेल. वास मात्र आला, चुलीत केस पडावा तसा. खरं तर जळत काही नाही. या अतिनील किरणांनी उष्णतेशिवाय पेशी अलगद कापता येतात, हे 1981 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत दिसलं. तिथे रंगास्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ होते, आणि पहिला प्रयोग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर झाला. डबा घरून ऑफिसात नेण्याची सवय कधी कामाला येईल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला. तिने स्क्रीन अगदी जवळ धरली. मायनसच्या जाड काचांमागे डोळे बारीक दिसतात, हे मी विसरलेच होते. "तुना डोया मोठा दिखतस," ती म्हणाली आणि नानांना हाक मारली.

मग तिला बाकीचंही सांगावं लागलं. रात्री गाडीच्या दिव्यांभोवती काही महिने वलयं दिसतील, थेंब टाकत राहायचं. आणि मी सदतिशीची, तेव्हा वाचायला चाळिशी दोन-चार वर्षांत लागेलच, लेझर ती थांबवत नाही.

"म्हणजे चष्मा परत येईन?"

"वाचायला, हो."

"मंग काढा काबर?"