तुम्ही विचारलंत म्हणून: एवढीशी पेटी, तिला सहा महिने कशाला?

लग्नाच्या सीझनला हा प्रश्न हमखास येतो. "अगं नऊ इंच बाय सहा इंचाची पेटी, पुढच्या महिन्यात लग्न आहे, दे ना करून." आणि मी नाही म्हटलं की माणसं नाराज होतात, त्यांना वाटतं भाव खाते. तसं नाहीये, म्हणून एकदा नीट सांगते.

मी करते ती फणेरपेटी. जुन्या घरात असायची बघा, आत फणी, करंडा, मेणाची डबी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. आजी पाटावर बसून ती पुढ्यात ओढायची, आधी कपाळाला मेण लावायची आणि मग त्यावर कुंकू टेकवायची. आता मेण कोण लावतंय, पण नव्या नवरीला कानातली, टिकल्या, बांगड्या ठेवायला याच्याइतकी छान वस्तू मला तरी दुसरी सुचत नाही.

पहिली पेटी भाचीच्या लग्नाला केली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या परसातला फणस आडवा झाला, आम्ही सगळे त्याच्याच गऱ्यांवर वाढलेलो, सरपणात घालायला मन होईना म्हणून सॉ मिलवर नेऊन फळ्या पाडून आणल्या. ताजा फणस कापला की आत अगदी हळदीसारखा पिवळा असतो, मग वर्षागणिक तांबूस तपकिरी होत जातो. पुढच्या एप्रिलमध्ये मी पेटी केली, झाकण म्हणजे एक अख्खी फळी, बाजूंच्या मध्ये इतकी बरोबर बसवलेली की कागदसुद्धा शिरणार नाही. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. जुलैत भाचीचा फोन, "मावशे, झाकाण उघडनाच नाय गे!" तिने सुरी घालून उघडायला बघितलं तर कडेचा टवका उडाला. मला फार लागलं ते. तिने जपून वापरायची म्हणून घेतलेली वस्तू आणि ती माझ्या चुकीने मोडली.

चूक काय ते आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांनी सांगितलं. "पावसात लाकूड पाणी पिता, तेका वाईच जागा ठेव गे." इतकंच बोलले, पण त्यात सगळं आलं. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, फुगतं ते रुंदीला, आणि आपल्याकडे कोकणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथे लाकडाचं काय घेऊन बसलात. सहा इंच रुंदीच्या फळीला एप्रिल ते जुलै दीड-दोन मिलीमीटरचा फरक सहज पडतो. मी एप्रिलच्या मापाने कागद न शिरणारं झाकण बसवलेलं, ते अडकणारच होतं. उलट भर पावसात घट्ट बसवलं असतं तर उन्हाळ्यात खुळखुळलं असतं.

उपाय आपल्या जुन्या दारांमध्येच आहे, नीट बघा कधी. चौकट सांध्यात घट्ट असते आणि मधलं पॅनल नुसतं खाचेत बसवलेलं असतं, चिकटवलेलं नसतं, त्यामुळे ते आतल्या आत फुगतं आणि आटतं आणि दाराचं माप बदलत नाही. आता मी झाकण तसंच करते, चार पट्ट्यांची चौकट आणि मध्ये मोकळं पॅनल. तळ पण तसाच, खाचेत, फेव्हिकॉलचा थेंब नाही. झाकणाच्या भोवती पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवते.

पण हे सगळं फळी वाळलेली असेल तर. ओल्या फळीची पेटी कितीही कौशल्याने करा, नंतर पिळवटते. एक इंची फळी सावलीत वारा लागेल अशी वाळायला साधारण वर्ष जातं. पाडलेल्या घराची जुनी फळी मिळाली तर सोनंच, तरी तीसुद्धा घरात आणून काही आठवडे ठेवावी लागते. वाळली की नाही हे मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बघते, दर रविवारी वजन करून फळीवरच पेन्सिलीने लिहायचं, सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की करवत लावायची.

पॉलिशलाही पाऊस चालत नाही. मी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावते, आणि दमट हवेत तिच्यावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, खाली लाकडाचा रंगच कळत नाही. म्हणून दसऱ्यानंतरच, आणि आतून बाहेरून दोन्हीकडे, नाहीतर एक बाजू जास्त ओल खाते आणि फळी वाकते. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे. आमचं घर समुद्रापासून लांब नाही, लोखंड गंजतं आणि भोवती काळा डाग धरतं. पितळेचा स्क्रू मऊ असतो, पिळताना मान मोडते, म्हणून भोक पाडून आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून काढायचा आणि मग पितळेचा.

नक्षी मी शेवटी करते, थोडीच, झाकणाच्या चौकटीवर वेलबुट्टी. सावंतवाडीला चितार आळीत, म्हणजे लाकडी खेळणी करणाऱ्या-रंगवणाऱ्यांच्या गल्लीत, तासन् तास उभी राहून बघितलंय मी. तिथल्या दशावतारी गंजिफाचे, म्हणजे दहा अवतारांची चित्रं असलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळाचे, 120 गोल पत्ते ज्या रंगवलेल्या पेटीत राहतात ती आधी पत्ते मोजूनमापून मग केलेली असते. मीही तसंच करते, आत काय ठेवणार ते आधी विचारते, आणि लोकांना याचंच आश्चर्य वाटतं.

तर पुढच्या मे महिन्यात लग्न असेल तर आत्ता सांगा. माळ्यावर त्याच फणसाची शेवटची जाड फळी आहे, मधून चिरून दोन केल्यात आणि आतली ओल अजून निघतेय. गेल्या रविवारी एकीचं वजन 1092 ग्रॅम होतं, आज 1084 भरलं.