मागचा पॅन्टो वर

रेल्वेतला माणूस महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त होतो, त्यामुळे भुसावळात हाताने अल्बम आणि स्क्रॅपबुक करून देणाऱ्या माझ्यासारखीकडे महिनाअखेरीला कामाची दाटी होते. ही ऑर्डर 31 मेची होती. वडील लोको पायलट, आधी मालगाडीवर, नंतर मेल-एक्सप्रेसवर, आणि सगळी नोकरी विजेच्या इंजिनावर. मुलगी आली ती बाजारात मिळणारं चिपबोर्डचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याचं तयार कापलेलं इंजिन घेऊन. त्याला धुराडं होतं, वर वाफेचा ढगही.

"बाबांनी असलं इंजिन कधी चालवलंच नाही हो ताई," ती म्हणाली, "पण दुसरं मिळतच नाही."

मी ते बाजूला ठेवलं. तयार आकार सोयीचे असतात, पण ज्या माणसाने आयुष्य एका यंत्रात काढलं त्याला दुसरंच यंत्र भेट द्यायचं, हे मला पटेना. मुलीने मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यावरून मी 2 मिलिमीटर जाडीच्या करड्या पुठ्ठ्यावर इंजिनाची बाजू आखली. अडलं ते छतावर. विजेच्या इंजिनावर दोन पॅन्टोग्राफ असतात, म्हणजे रुळांवरच्या तारेला टेकून वीज घेणारे, वरखाली होणारे सांगाडे; बोलताना नुसतं पॅन्टो. चालत्या गाडीत वर कोणता दाखवायचा?

अल्बम गुपचूप चालला होता, म्हणून तिने वडिलांना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. एका प्रश्नाला त्यांनी पंधरा मिनिटं उत्तर दिलं. स्पीकरवर मीही ऐकत होते. सहसा मागचा वर ठेवतात. तारेत अडकून तो तुटलाच, तर तुकडे मागे जातात आणि पुढचा शाबूत राहतो, मग त्यावर गाडी काढता येते. मधेच म्हणाले, "पण तुला काय करायचंय गं याचं?" तिने स्वयंपाकाचं निमित्त करून फोन ठेवला. त्या पंधरा मिनिटांत मला अल्बमचं मुखपृष्ठ कळलं.

मग कागद. तिला टपोऱ्या गुलाबांचा आवडला होता. कागद सुंदरच होता, पण नक्षी मोठी आणि आकार लहान असला की आकार हरवतो. इंजिनाच्या खिडकीएवढ्या तुकड्यावर गुलाबाची अर्धी पाकळीच येते, आणि बघणाऱ्याला ती डाग वाटते. लहान आकाराला बारीक नक्षी, हे मी सोडत नाही. शेवटी इंजिनाला बारीक चौकटीचा लाल कागद घेतला, खाली मलईच्या रंगाचा पट्टा. गुलाब आतल्या पानांवर, आईच्या फोटोंभोवती गेले. तिथे ते शोभलेही.

'भुसावळ' हा शब्द स्टेशनच्या पाटीसारखा हवा होता, पिवळ्यावर काळा. तयार अक्षरं मला इंग्रजीच मिळाली, म्हणून तोही हातानेच. शिरोरेषेमुळे पूर्ण शब्द एकसंध कापता येतो, ही आपल्या लिपीची मोठी सोय. कागदाच्या मागच्या बाजूला आखायचं तर आकार पालथा ठेवावा लागतो, नाहीतर शब्द उलटा येतो. ळच्या पोटातली छिद्रं टोकदार ब्लेडने, घाई न करता.

पॅन्टोच्या काड्यांना मात्र कागद लावला नाही. इतक्या बारीक भागावर कागदाच्या कडा उचकटतात. 1 मिलिमीटरचा पुठ्ठा कापून काळा ॲक्रिलिक रंग दिला. सगळं कागदानेच मढवलं पाहिजे असा हट्ट धरू नये.

30 तारखेला पारा 45च्या पुढे होता. कूलर लावला की दमट हवेने पुठ्ठा फुगतो, पंख्याखाली फेविकॉल ब्रशवरच सुकतो. दोन्ही बंद ठेवून, पातळ हात देऊन, रोलर फिरवून कागद चिकटवला. दुपारी वर दाबायला ठेवलेलं वजन उचललं तर 10 इंची इंजिन उन्हातल्या पापडासारखं दोन्ही टोकांनी वळलेलं. गोंदाने ओला झालेला कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एरवी वजनाखाली हे भागतं, त्या उन्हात भागेना. मी वह्या बांधणाऱ्या एका जुन्या बाइंडरकाकांना फोन केला. ते म्हणाले, "पाठीलाही तेवढ्याच जाडीचा कागद लाव, धागा, म्हणजे कागदातले तंतू, त्याच दिशेने ठेव. दोघं ओढतील, मधला सरळ राहील."

तसंच केलं. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवलं. सकाळी इंजिन सपाट होतं. पॉलिश पेपर फक्त खालच्या दिशेने ओढून कडा घासल्या, म्हणजे नक्षी उचकटत नाही, मग तपकिरी शाईचा बोळा फिरवला. फोटोंखाली आम्लमुक्त कागद घातला, कारण करडा पुठ्ठा फोटोला थेट टेकला तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो.

संध्याकाळी समारंभात मी मागे उभी होते. हार, नारळ, भाषणं झाली. त्यांनी अल्बम हातात घेतला, उघडला नाही. आधी इंजिनाचं तोंड कुठे आहे ते बघितलं, मग छतावर बोट ठेवून शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाले, "मागचाच वर आहे बघ." तो सहकारीही वाकून बघायला लागला. त्यांच्या बायकोला पानं उलटायची घाई, तर हे दोघं मुखपृष्ठावरच अडलेले.

त्या सहकाऱ्याची निवृत्ती पुढे होती. त्याच्या घरून ऑर्डर आली ती मालगाडीची, जोडलेल्या दोन इंजिनांची. आता कोणते पॅन्टो वर दाखवायचे, हे मी त्या मुलीच्या वडिलांनाच विचारणार आहे.